दोन सुपरचार्ज्ड बोट-इंजिनांचं काम काढताना: बेत, बजेट आणि वेळापत्रक

“किती खर्च येईल?” असं इंजिन बांधणाऱ्या कारागिराला, म्हणजे बिल्डरला, फोनवर विचारलं की तो एक आकडा सांगतो. तो ऐकून घ्यावा, पण त्यावर विसंबू नये. सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप) बसवलेल्या इंजिनाच्या पोटात काय आहे, ते खोलून, धुऊन, मोजल्याशिवाय कुणालाच कळत नाही. अडचण अशी की पैशांची सोय मात्र खोलण्याआधीच करावी लागते, कारण अर्धवट खोललेलं इंजिन घेऊन बोट पुढच्या उन्हाळ्यात पाण्यात जात नाही. म्हणून बजेट एका आकड्यात न बांधता टप्प्यांत बांधायचं आणि प्रत्येक टप्प्यानंतर थांबायची मुभा ठेवायची. तो बेत कसा आखायचा ते इथे मांडतोय.

डोळ्यांसमोर बोट आहे ती अशी: २८ ते ३८ फुटी, पोटात दोन बिग-ब्लॉक (मोठ्या आकाराची, आठ सिलिंडरची) शेव्हरोले इंजिनं, वर सुपरचार्जर, मागे मर्क्रूझर कंपनीच्या ब्राव्हो ड्राइव्ह (इंजिनाची ताकद प्रोपेलरला पोचवणारा, बोटीमागचा गिअरचा भाग). मिसुरीतल्या लेक ऑफ द ओझार्क्सवर किंवा ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या लेक हावासूवर अशा बोटी ढिगाने दिसतात, आणि जुन्या बोटी बऱ्याच स्वस्तात मिळत असल्याने अमेरिकेतल्या आपल्या मंडळींनाही मोह होतो. गेटवेवरून मांडव्याला पळणाऱ्या स्पीडबोटींच्या मागे बहुतेक आउटबोर्ड (बोटीबाहेर लावायची) इंजिनं टांगलेली असतात, त्यांचं गणित वेगळं.

इंजिन का दमलं, ते आधी शोधा

मोटारीला हायवेवर एका वेगात धावायला इंजिनाच्या ताकदीचा लहानसा भाग पुरतो. उतारावर तर इंजिन आराम करतं. बोटीला उतार नाही. पाणी सतत मागे खेचत असतं, त्यामुळे ४००० ते ५००० आरपीएमवर इंजिन तासन्‌तास ओझं ओढत राहतं. लाटेवरून बोट उडाली की प्रोपेलर हवेत येतो, आरपीएम एकदम चढतात, आणि पाण्यावर आपटताच तोच धक्का ड्राइव्हमधून क्रँकपर्यंत (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यापर्यंत) पोचतो. म्हणून बोटीच्या इंजिनाचं वय तासांत मोजतात. एकाच बनावटीची दोन इंजिनं घ्या: एक जपून चालवलेलं, दुसरं दर शनिवारी फुल थ्रॉटलवर दामटलेलं. तास सारखे असले तरी दोघांची अवस्था सारखी नसते.

खोलण्याआधी चार स्वस्त तपासण्या करून घ्या. पहिली कॉम्प्रेशन टेस्ट. सुपरचार्ज्ड इंजिनाचं मूळ कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) कमी ठेवलेलं असतं, त्यामुळे आकडा लहान दिसला तर घाबरू नका. आठही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत आहेत का, एवढं पाहा. दुसरी लीकडाउन टेस्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात बोलकी. सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, २० च्या पुढे गेली तर काम निघालंच म्हणून समजा. हवा कुठून फुसफुसते ते कान देऊन ऐका: एग्झॉस्टमधून आली तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, कुलिंगच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा. तिसरी, स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंती पाहणं. चौथी, ऑईल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून उजेडात धरणं. चमकणारे कण दिसले तर बेअरिंगं बोलू लागलीत.

भिंतींवर गंज दिसला तर तिथेच थांबा. बोटीच्या एग्झॉस्टमध्ये थंड करण्यासाठी पाणी सोडलेलं असतं. मॅनिफोल्ड किंवा रायझर (एग्झॉस्टचा धूर बाहेर नेणारे नळ) आतून कुजला की ते पाणी थेट व्हॉल्व्हवर येतं. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फार आक्रमक असला आणि इनटेक-एग्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहत असले, तर मंद चालीवरही इंजिन एग्झॉस्टमधलं पाणी उलटं ओढून घेतं. दोन्ही रोग इंजिनाबाहेरचे आहेत. मॅनिफोल्ड-रायझरची प्रेशर टेस्ट न करता नवं इंजिन बसवलं तर तेही त्याच पाण्यात बुडेल. बजेटमधली पहिली ओळ याची हवी.

ताकद वाढवायची का?

इंजिन खोललंच आहे तर अजून शंभर घोडे वाढवू, हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. आधी कागदावर करून बघा. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. क्राउच फॉर्म्युला या नावाने हे सूत्र बोटवाल्यांना ठाऊक आहे. म्हणजे ताकद २० टक्के वाढवली तर वेग सुमारे साडेनऊ टक्के वाढणार, ताशी ८० मैलांची बोट ८७-८८ पर्यंत जाईल. त्या सात-आठ मैलांसाठी इंजिनावर ताण, पेट्रोलचा खप आणि मुख्य म्हणजे ड्राइव्हवरचा टॉर्क वाढतो. साध्या ब्राव्हो ड्राइव्हमागे तगडं सुपरचार्ज्ड इंजिन लावलं की वरच्या गिअरसेटचा बळी जातो, आणि दणकट ड्राइव्हची किंमत आणखी एका इंजिनकामाएवढी होऊ शकते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला तो हाच.

माझं मत सरळ आहे: सध्याची ताकद तीच ठेवा आणि पैसे तास वाढवण्यात घाला. ५०२ घन इंचांचं इंजिन ५४० करायचं असेल (साडेचार इंच बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, सव्वाचार इंच स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव) तर ते वेगासाठी नको. तीच ताकद कमी बूस्टवर (सुपरचार्जरच्या हवेच्या कमी दाबावर) आणि कमी आरपीएमवर मिळावी म्हणून जरूर करा.

घाटावर कुठलं पेट्रोल मिळतं?

याचं उत्तर कॉम्प्रेशन ठरवण्याआधी हवं. अमेरिकेतल्या पंपांवरचा ऑक्टेनचा आकडा आणि भारतातला आकडा वेगवेगळ्या पद्धतीने काढतात. तिकडचं ८७ म्हणजे साधारण आपल्याकडचं ९१. गावातल्या पंपावर ९१ किंवा ९३ मिळतं, पण तळ्याकाठच्या कित्येक मरीनांमध्ये ८७ किंवा ८९ च भरलेलं असतं. बोट पाण्यातच उभी राहत असेल आणि तुम्ही कॅन वाहून नेणार नसाल, तर इंजिन त्या पेट्रोलवर जगलं पाहिजे.

हिशेब असा करतात: पीएसआयमधल्या (पौंड प्रति चौरस इंच) बूस्टला १४.७ ने भागा, त्यात १ मिळवा, मूळ कॉम्प्रेशनने गुणा; हे झालं प्रत्यक्षातलं कॉम्प्रेशन. ८.५ कॉम्प्रेशन आणि ६ पीएसआय बूस्ट असेल तर उत्तर १२ च्या आसपास येतं. चांगला इंटरकुलर (सुपरचार्जरची तापलेली हवा गार करणारा) आणि ९१-९३ ऑक्टेन असेल तर हे निभतं. ८७ वर हाच आकडा म्हणजे पिस्टनला भोक. पुली बदलून बूस्ट कमी करणं हा बहुधा सगळ्यात स्वस्त विमा असतो.

पेट्रोल पुरवणाऱ्या यंत्रणेचं गणितही याच बैठकीत उरका. सुपरचार्ज्ड इंजिन दर हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण ०.६ पौंड पेट्रोल पितं. ८०० हॉर्सपॉवर म्हणजे ताशी ४८० पौंड, आठ इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी ६०. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही, ८० टक्क्यांवर थांबायचं, म्हणजे ७५ पौंडांचा इंजेक्टर हवा. पंप, पाइप आणि फिल्टर दोन्ही इंजिनं एकदम फुल थ्रॉटलवर असताना पुरले पाहिजेत. जुना, आकसलेला फ्युएल पाइप तसाच ठेवून इंजिन नवं केलं, तर वरच्या आरपीएमवर मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) आणि सगळं काम मातीत जातं.

एक की दोन्ही?

एकच इंजिन गेलं असेल तर दुसऱ्याला हात लावायचा का, यावर घराघरांत वाद होतात. दुसऱ्याची लीकडाउन टेस्ट चांगली असेल आणि पैसे मर्यादित असतील, तर एकच करा. पण त्याचे व्हॉल्व्ह स्प्रिंग बदला आणि सुपरचार्जर तपासा. दोन्ही करायची असतील तर एकाच बिल्डरकडे, एकाच खेपेला द्या. मशीनवर सेटिंग एकदाच लागतं, सुटे भाग जोडीने मागवता येतात आणि दोन्ही इंजिनं ताकदीला सारखी निघतात. असमान जोडी असली की एक थ्रॉटल सतत मागे-पुढे करत बसावं लागतं.

ब्राव्हो ड्राइव्हच्या बोटीत दोन्ही इंजिनं एकाच दिशेने फिरतात, प्रोपेलर उलटा फिरवायचं काम ड्राइव्ह करते. जुन्या इनबोर्ड (इंजिन आत, सरळ दांड्यावर प्रोपेलर) बोटींमध्ये मात्र एक इंजिन खरोखरच उलटं फिरणारं असू शकतं. त्याचा कॅम, स्टार्टर, ऑईल सील सगळं निराळं. भाग मागवण्याआधी हे डोळ्यांनी पाहून खात्री करा.

आता आकडे मांडू

खालचे आकडे एका इंजिनाचे, डॉलरमध्ये आहेत. ब्लॉक, क्रँक आणि हेड पुन्हा वापरता येतील असं धरलंय. मांडणी कशी करायची हे दिसावं म्हणून गोल आकडे घेतलेत, तुमच्या भागातली कोटेशनं आली की ती त्या जागी भरा.

- इंजिन उतरवणं, खोलणं, धुणं, मोजणं: २,०००
- मशीनिंग (तडे तपासणी, सिलिंडर मोठे करून घासणं म्हणजे बोअर-होन, क्रँकच्या जागा सरळ करणं म्हणजे लाइन-होन, ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग म्हणजे डेक, बॅलन्सिंग): ३,५००
- पिस्टन, पिन, रिंगा, कनेक्टिंग रॉड: ३,०००
- बेअरिंगं, गॅस्केट, स्टड-बोल्ट, ऑईल पंप, टायमिंग चेन: १,८००
- कॅम, लिफ्टर, पुशरॉड, स्प्रिंग: २,२००
- हेडचं काम, नवे एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, गाइड: २,०००
- सुपरचार्जर ओव्हरहॉल आणि बेल्ट: १,५००
- ऑईल कुलर, इंटरकुलर, पाण्याचे पंप, होज: २,०००
- जुळणीची मजुरी: ३,५००
- डायनो (इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र) आणि ट्यूनिंग: १,५००
- परत बसवणं, अलाइनमेंट, पाण्यातली चाचणी: २,०००

बेरीज २५,०००, दोन्हीची ५०,०००. त्यावर २० टक्के राखीव, म्हणजे ६०,००० जवळ असल्याशिवाय पहिला बोल्ट सैल करू नका. मॅनिफोल्ड-रायझर, ड्राइव्ह आणि प्रोपेलरचे पैसे यात नाहीत, ते वेगळ्या पाकिटात. राखीव रक्कम बहुतेक वेळा ब्लॉक खातो: तडा निघाला किंवा भिंत पातळ निघाली तर बाजारातला नवा जाड ब्लॉक घ्यावा लागतो, आणि तेवढ्याने राखीव संपते.

यादीकडे दुसऱ्या नजरेनेही बघा. दुकानदार जे “रिबिल्ड किट” म्हणून विकतो ते यातल्या जेमतेम दोन-तीन ओळी आहेत. बाकी सगळा पैसा मशीनिंग, मजुरी आणि इंजिनाला लटकलेल्या वस्तूंचा आहे. स्वस्त कोटेशन आलं की कुठल्या ओळी गायब आहेत ते शोधा. बहुधा शेवटच्या चार असतात.

कात्री कुठे लावायची नाही

ऑईल कुलर. बेअरिंग गेलेल्या इंजिनाचे कण कुलरच्या बारीक नळ्यांत अडकून बसतात आणि कितीही धुतले तरी सगळे निघत नाहीत. जुना कुलर लावला की तेच कण नव्या बेअरिंगांत येतात. बेअरिंग गेलं असेल तर कुलर आणि त्याचे होज कचऱ्यात टाका, यावर घासाघीस नको.

मरीन भाग. स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर मोटारीचे स्वस्त मिळतात आणि तसेच्या तसे बसतातही. पण बोटीच्या इंजिन-खोलीत पेट्रोलची वाफ तळाशी साचते आणि मोटारीचा स्टार्टर ठिणगी बाहेर टाकू शकतो. म्हणून अमेरिकन कोस्ट गार्डच्या नियमांत पेट्रोल बोटीतली अशी उपकरणं इग्निशन-प्रोटेक्टेड असणं बंधनकारक आहे. इथे वाचवलेल्या शंभर-दोनशे डॉलरच्या बदल्यात जीव टांगणीला लागतो. हेड गॅस्केटही मरीन घ्या. मोटारीच्या गॅस्केटचं साधं पोलाद कच्च्या पाण्यात, खाऱ्यात तर फारच लवकर, गंजतं. कोअर प्लग पितळी.

पिस्टन आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह. पिस्टन फोर्ज्ड (दाबून घडवलेले), २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे. हे तापल्यावर जास्त फुगतात म्हणून भिंतीशी फट मोठी ठेवावी लागते, थंड इंजिन जरा खडखडतं, त्याला घाबरू नये. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह इनकोनेल या निकेल मिश्रधातूचे, कारण सतत ओझ्याखाली तेच तग धरतात. रिंगेच्या टोकांमधली फट सुपरचार्ज्ड मरीन इंजिनाला बोअरच्या दर इंचामागे ६ ते ७ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ठेवतात, म्हणजे साडेचार इंच बोअरला २७ ते ३१ थाऊ. फट कमी पडली तर तापलेली रिंग टोकाला टोक भिडून अडकते आणि पिस्टनची कड उडवते. शेवटचा शब्द अर्थातच रिंग बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्याचा.

वाचवायचं असेल तर पॉलिश केलेली झाकणं, क्रोम, रंगीत होज यांवर वाचवा. इंजिन उतरवायला हात लावणं, भाग धुणं, फोटो काढून पिशव्यांवर चिठ्ठ्या लावणं हे स्वतः करा, मजुरी खरंच कमी होते.

सुपरचार्जरचं वेगळं

तीन जाती भेटतात. रूट्स जातीचे ६-७१, ८-७१ हे ब्लोअर मुळात जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांवरून आले. ६-७१ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच. यांची बेअरिंगं, सील, रोटरच्या पट्ट्या जाणकार दुकानात बदलून मिळतात. ट्विन-स्क्रू जातीत दोन रोटरांमधली फट इतकी बारीक असते की तो थेट बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवलेला बरा. सेंट्रिफ्यूगलमध्ये बूस्ट आरपीएमबरोबर चढतो आणि बेल्ट घसरला की वरच्या टोकाला बूस्ट गळतो. पुली आणि ताणणी यांची झीज आधी बघा.

इंजिन खोलल्याच्या दिवशीच सुपरचार्जर रवाना करा. हंगामाआधी त्या दुकानांतही रांग लागते. इंटरकुलरची प्रेशर टेस्ट विसरू नका: तो आतून फुटला तर तळ्याचं किंवा समुद्राचं पाणी सरळ सिलिंडरमध्ये जातं.

बिल्डरशी बोलणं

इंटरनेटवरच्या कौतुकापेक्षा त्याने बांधलेली सुपरचार्ज्ड मरीन इंजिनं किती तास चालली, ते विचारा. ड्रॅग-रेसचा उत्तम बिल्डर बोटीसाठी योग्यच असतो असं नाही, त्याचं इंजिन काही सेकंद जगायला बांधलेलं असतं. मशीनिंग तो स्वतः करतो की बाहेर देतो? सिलिंडरच्या भिंतींची जाडी सोनिक टेस्टने मोजणार का? होन करताना टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पट्टी) लावणार का? प्रत्येक बेअरिंगची फट लिहिलेला कागद देणार का? यातल्या एकाही प्रश्नावर “त्याची काही गरज नाही” असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

पैसे टप्प्यांत द्यायचे: खोलणी-तपासणीचे आधी, तपासणीचा लेखी अहवाल आल्यावर भागांचे, जुळणीनंतर मजुरीचे, आणि शेवटचा हप्ता डायनोचा कागद हातात पडल्यावर. वाढीव काम तुमच्या ईमेलवरच्या होकाराशिवाय करायचं नाही, हे आधीच लिहून घ्या. वॉरंटीबद्दल फार आशा ठेवू नका. सुपरचार्ज्ड इंजिनावर बरेच बिल्डर ती देतच नाहीत.

कॅलेंडर

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेच्या सुट्टीला हंगाम सुरू होतो. तिथून मागे मोजत या. इंजिनं सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात उतरवा. बर्फ पडण्याआधी बाहेर काढली की ब्लॉकमधलं पाणी गोठून तडा जायची भीतीही टळते. ऑक्टोबरात खोलणी आणि अहवाल. नोव्हेंबरात ऑर्डर, कारण खास मापाच्या पिस्टनना कित्येक आठवडे लागतात आणि पिस्टन हातात येऊन मोजल्याशिवाय शहाणा मशीनिस्ट शेवटचा होन करत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मशीनिंग आणि जुळणी, मार्चमध्ये डायनो, एप्रिलमध्ये बसवणं. फेब्रुवारीत जागा होऊन “मेपर्यंत होईल ना?” विचारणाऱ्याला जुलै मिळतो.

इंजिन-खोली रिकामी असते त्या महिन्यांत तिथली कामं उरका: गिम्बल बेअरिंग (ड्राइव्हच्या दांड्याला आधार देणारं), बेलोज (दांड्याभोवतीची रबरी घडी), फ्युएल होज, वायरिंग, स्ट्रिंगर (तळातले लांब आधार) आणि माउंटच्या जागचं लाकूड. हीच कामं इंजिन बसल्यावर केली तर मजुरी दुप्पट पडते.

डायनो ते पाणी

डायनोवर इंजिन तुमच्या बोटीतल्याच इंटरकुलर, इंजेक्टर आणि कंट्रोलरसह चालवा. वरच्या टोकाचा ताकदीचा आकडा मित्रांना सांगायला ठीक आहे. तुम्ही बघायचं ते ऑईल प्रेशर आणि बूस्टखाली मिश्रण (एक भाग पेट्रोलमागे हवेचे भाग) ११.५ ते १२ च्या दरम्यान राहतंय का.

बसवताना अलाइनमेंटचा दांडा हाताने, जोर न लावता आत-बाहेर सरकला पाहिजे. तो अडला आणि तसंच रेटलं, तर कपलर आणि गिम्बल बेअरिंग हंगामभरही टिकत नाहीत.

प्रोपेलरसाठी हे सूत्र ठेवा: आरपीएम गुणिले पिच (प्रोपेलर एका फेऱ्यात जेवढे इंच पुढे जायला हवा ते), भागिले (गिअर रेशो गुणिले १०५६); उत्तर ताशी मैलांत. ५२०० आरपीएम, २८ पिच, १.५ रेशोला सुमारे ९२ येतात. १२ टक्के स्लिप (पाण्यात प्रोपेलरची घसर) वजा केली की ताशी ८१ मैल. नव्या इंजिनाने आरपीएम मर्यादेबाहेर चढत असतील तर पिच वाढवा, पोचतच नसतील तर कमी करा. कमी आरपीएमवर अडकवून ओढणं सुपरचार्ज्ड इंजिनाला फार महाग पडतं.

पहिल्या काही तासांत एकाच आरपीएमवर ठेवू नका, ओझं चढवत-उतरवत राहा म्हणजे रिंगा बसतात. मिनरल ब्रेक-इन ऑईल वापरा, सिंथेटिक नंतर. पहिल्या फेरीनंतर ऑईल बदला आणि दोन्ही फिल्टर कापून बघा. पाच तासांनी पुन्हा, दहा तासांनी पुन्हा. कुठलं फिल्टर कुठल्या इंजिनाचं ते मार्करने लिहून ठेवा. दहा तासांच्या फिल्टरनंतर लीकडाउन करून आठही आकडे वहीत उतरवा, पुढच्या ऑक्टोबरात तुलनेला तेच लागतील.